मस्तानी आणि गडबड

सहावीत माझं नाव मस्तानी होतं. रजिस्टरमध्ये वेगळं होतं, ते अजूनही आहे. पण डॉर्ममध्ये, मेसच्या रांगेत, फुटबॉलच्या मैदानावर मी मस्तानी. "ए मस्तानी, पास दे!" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही इतिहासाच्या तासाला बाजीरावाचं नाव निघालं की पुढचं नाव यायच्या आधीच माझे कान गरम होतात. मराठी पानासाठी काहीतरी लिही असं सांगितल्यावर मी खरं तर 'माझा आवडता ऋतू' लिहायला घेतला होता. तो निबंध अर्धा झाला आहे, पुढच्या वर्षी देईन.

आपल्या मराठी पानाचे वाचक बेळगाव, इंदूर, बडोदा असे सगळीकडचे आहेत, म्हणून मस्तानी म्हणजे काय ते आधी सांगतो. पुण्यात घट्ट मिल्कशेकवर आईस्क्रीमचा मोठा गोळा घालून, वर सुकामेवा पेरून जो उंच ग्लास देतात, त्याला मस्तानी म्हणतात. आंब्याची असते, पिस्त्याची असते, केशराची असते. सोबत स्ट्रॉही देतात आणि चमचाही, त्यामुळे ती प्यायची की खायची यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पप्पा म्हणतात, "चला, मस्तानी पिऊन येऊ." आई म्हणते, "मस्तानी खाऊन येऊ." दोघंही एकाच दुकानात जातात.

आम्ही पुणे शहरातले नाही. आमचं गाव शिरूर तालुक्यात आहे, पाबळच्या बाजूला. पाबळला खऱ्या मस्तानीची कबर आहे. कोणी तिला मजार म्हणतं, कोणी समाधी. आमची आजी "मस्तानीबाईची समाधी" म्हणते. आमची एसटी त्या गावातून जाते तेव्हा आजी खिडकीतून हात जोडते, का ते तिला विचारलं तर म्हणते, "जोडावा हात. काय बिघडतं?" म्हणजे मस्तानी हा शब्द माझ्यासाठी लहानपणापासून दोन ठिकाणी होता. एक पाबळला, दगडाखाली, आणि एक पुण्यात, ग्लासात. दोन्हींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

या शाळेत निवड झाली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पप्पा त्या वेळी हवालदार होते, मला सोडायला म्हणून सुट्टी काढून आले होते. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव. गावातून एसटीने पुणे, ट्रंक स्टेशनच्या क्लोक रूममध्ये, आणि गाडीला चार तास वेळ. पप्पा मला सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीपाशी घेऊन गेले. दोन मँगो मस्तानी. पप्पांनी त्यांची एका मिनिटात संपवली. फौजेत जेवायला जितका वेळ देतात तितकाच ते आयुष्यभर घेतात, मग समोर भाकरी असो की आईस्क्रीम. मला मात्र ती जाईना. घशात काहीतरी अडकलं होतं आणि ते आंब्याचं नव्हतं. पप्पांनी घड्याळ पाहिलं, माझा ग्लास स्वतःकडे ओढला आणि तोही संपवला. "अन्न टाकायचं नाही," एवढंच म्हणाले. गाडीत बसल्यावर मला वाटायला लागलं की आपण संपवायला हवी होती. ती अर्धी राहिलेली मस्तानी मी पुढचे कित्येक दिवस मनात पीत होतो.

दोन दिवसांनी डॉर्ममध्ये पहिली रात्र. नव्या मुलांना एकेक करून उभं करतात आणि परिचय विचारतात, हे पालकांनाही माहीत असेल. नाव, राज्य, वडिलांची रँक, आणि शेवटी, "तुमच्याकडचं प्रसिद्ध काय?" मी शिवनेरी म्हणू शकलो असतो. शनिवारवाडा म्हणू शकलो असतो. पण मला त्या क्षणी फक्त तो अर्धा ग्लास आठवत होता. मी म्हणालो, "मस्तानी."

सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला होता. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. एका रात्री टॉवेलची ओढणी झाली आणि मला नाचावं लागलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ज्यांनी नाचवलं त्यांतले दोघं आज माझे सगळ्यात जवळचे मित्र आहेत आणि हा अंक तेही वाचतील. (मराठी येत नसलं तरी कोणाकडून तरी वाचून घेतील.) पण तेव्हा मी पांघरुणात तोंड घालून ठरवलं की हा शब्द आपण पुन्हा उच्चारायचा नाही.

शब्द टाळणं सोपं नव्हतं, आणि त्याला कारण होतं आमचं 'मेन्यू कार्ड'. हा खेळ आमच्या बॅचने काढला की आधीपासून होता, ठाऊक नाही. राजस्थानातला एप्रिल, लाईट्स आउट झालेले, पंख्याची हवा हेअर ड्रायरसारखी, कूलरचं पाणी कोमट. अशा वेळी अंधारात एकजण सुरू करतो, "सुट्टीत गेल्यावर मी पहिल्यांदा काय पिणार." मग प्रत्येकाची पाळी. खाण्याचं चालत नाही, फक्त थंड पिण्याचं. आणि नुसतं नाव सांगून भागत नाही, ते कसं बनवतात हे शेवटपर्यंत सांगावं लागतं. ज्याचं वर्णन ऐकून सगळ्यात जास्त मुलं "बस कर यार" म्हणतील तो जिंकला.

मदुराईचा मुलगा जवळजवळ नेहमी जिंकायचा. तो एरवी फारसा बोलत नसे, कारण त्याचं हिंदी तेव्हा कच्चं होतं, पण जिगरठंडा सुरू केला की थांबत नसे. बदामाच्या झाडाचा डिंक रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी तो काचेसारखा फुगतो. ग्लासात तो तळाला, त्यावर नन्नारीचं सरबत (आपण ज्याला अनंतमूळ म्हणतो त्याच्या मुळांचं), त्यावर आटवून घट्ट केलेलं थंड दूध, आणि वर आईस्क्रीमचा गोळा. हे सगळं तो तुटक हिंदीत, हातवारे करत सांगायचा, आणि अंधारात हातवारे कोणालाच दिसत नसत. पहिल्यांदा त्याने नाव सांगितलं तेव्हा लखनौचा मुलगा उठून बसला. "जिगर? ठंडा? अरे ये तो हमारी ज़बान है!" मदुराईवाल्याला वाटलं त्याचं पेय कोणीतरी चोरतंय. तो भांडायलाच उठला. जिगर म्हणजे काळीज, ठंडा म्हणजे थंड, हा अर्थ त्याला शाळेत येईपर्यंत माहीत नव्हता. त्याच्यासाठी ते नाव तमिळच होतं, कारण ते त्याच्या आजोबांच्या तोंडी होतं.

कोझिकोडच्या मुलाचा शारजा शेक. छोटी केळी, आणि दूध असं गोठवायचं की त्याचा दगड व्हावा, मग त्याचे तुकडे करून केळ्यांबरोबर मिक्सरमधून काढायचे, वरून बूस्ट आणि काजू. आम्ही विचारलं, शारजात मिळतो का? त्याचे काका आखातात असतात. तो म्हणाला, "मिळतो, मल्याळी हॉटेलात. पण तिथेही तो आमच्याकडूनच गेलेला."

इंदूरच्या मुलाची गोष्ट तर शाळेत अजून सांगतात. त्याची शिकंजी म्हणजे रबडीसारखं घट्ट दूध, केशर, वेलची, सुकामेवा, थोडीशी आंबट चव. आम्हा बाकीच्यांना शिकंजी म्हणजे लिंबू, मीठ, जिरं. तो आमचं ऐकायचाच नाही. सातवीत आउटपास मिळाला तेव्हा बाजारात त्याने पाटी पाहिली, 'शिकंजी'. दोन महिन्यांनी गावचा माणूस भेटावा तसा तो धावला. पैसे दिले, आणि हातात आला लिंबूपाण्याचा ग्लास. तो ग्लासाकडे बघत राहिला. दुकानदार म्हणाला, "क्या हुआ, नमक कम है?" आम्ही हसलो नाही. आम्हाला हसू आलं नाही असं नाही, पण त्याचा चेहरा बघून हसलो नाही.

आमच्या बॅचमध्ये माझ्याशिवाय एकच मराठी मुलगा, कोल्हापूरचा. त्याची मला मदत होईल असं वाटलं होतं. पण तो म्हणायचा, "शेक-बिक काय सांगतोस, आमच्याकडं रात्री कट्ट्यावर म्हस समोर उभी करून धार काढून ग्लास हातात देतात." धारोष्ण दुधाचं त्याचं वर्णन इतकं जिवंत असायचं की दोन पंजाबी मुलं सुट्टीत कोल्हापूरला यायला तयार झाली होती. त्याचं पेय थंड नाही म्हणून त्याला बाद करायचा ठराव झाला, तो त्याने मानला नाही.

माझी पाळी आली की मी "लस्सी" म्हणायचो. लस्सी सगळ्यांकडे असते, त्यावर कोणी काही बोलत नाही.

सातवीच्या मे महिन्यात पप्पांची आणि माझी सुट्टी एकत्र आली. ते तेव्हा सिक्कीममध्ये होते. स्टेशनवरून ते मला थेट सदाशिव पेठेत घेऊन गेले. वेटरने विचारलं आणि पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी ऑर्डर द्यावी म्हणून. मी म्हणालो, "साधं व्हॅनिला." पप्पा थोडा वेळ थांबले. मग वेटरला म्हणाले, "दोन व्हॅनिला." घरी आल्यावर आईने विचारलं, झाली का मस्तानी? पप्पा म्हणाले, "त्याला आता व्हॅनिला आवडतं." आई नंतर मला म्हणाली, "अरे, दर फोनला सांगत होते, पोरगा आला की पहिली मस्तानी. तिथं बर्फात बसून आईस्क्रीमच्या गोष्टी." मी काही बोललो नाही. शाळेत आपल्याला काय म्हणतात हे घरी सांगणं मला जमलं नाही. पुढच्या प्रत्येक सुट्टीत आम्ही दोघं तिथे गेलो आणि व्हॅनिला खाल्लं. मस्तानीच्या दुकानात बसून व्हॅनिला खाणारे बापलेक आम्हीच असू.

आठवीत एक गोष्ट झाली. बारावीतले एक भैया मध्य प्रदेशातल्या छतरपूरचे होते, आमच्या हाउसचे कॅप्टन. एकदा रात्रीच्या प्रेपनंतर त्यांनी कोणालातरी मला हाक मारताना ऐकलं. मला बोलावलं. वाटलं, आता यांनाही नाचून दाखवायचं. त्यांनी विचारलं, हे नाव कसं पडलं? मी सांगितलं. ते म्हणाले, "मस्तानी हमारे यहाँ की बेटी है, पता है?"

मला माहीत नव्हतं. पाबळच्या वाटेवर राहून माहीत नव्हतं. राजा छत्रसाल म्हातारा झालेला, मुहम्मद खान बंगशाने त्याला कोंडीत पकडलेलं, आणि 1729 मध्ये बाजीराव त्याच्या मदतीला बुंदेलखंडात पोचला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने पालखेडला निजामाला असं फिरवलं होतं की ती मोहीम अजून लष्करी इतिहासात शिकवतात. मस्तानी छत्रसालाची मुलगी. छतरपूरजवळ धुबेला इथे तिच्या नावाचा महाल आहे, भैया लहानपणी शाळेच्या सहलीला तिथे गेले होते. त्यांच्याकडच्या गोष्टींत ती घोड्यावर बसते, भाला चालवते. तिचा मुलगा समशेरबहादूर 1761 मध्ये पानिपतात लढला आणि त्या जखमांनी गेला. भैया म्हणाले, "आणि तुम्ही लोकांनी तिच्या नावाने आईस्क्रीम काढलं?" असं विचारलं की काय उत्तर देणार. मी म्हणालो, "भैया, खूप चांगलं असतं."

ते हसले. दुसऱ्या दिवशी फॉल-इनच्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर मला हाक मारली, "कॅडेट मस्तानी!" पण वेगळ्या आवाजात. नाव तेच होतं. त्यानंतर ते हळूहळू कमी झालं, का ते सांगता येत नाही. कदाचित आम्हीच मोठे झालो असू.

दुकानातल्या मस्तानीला ते नाव का मिळालं, याच्या पुण्यात दोन-तीन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं ती सुंदर म्हणून, कोणी म्हणतं पहिला घोट घेऊन गिऱ्हाईक "मस्त!" म्हणालं म्हणून. आमचे इतिहासाचे सर कोणतीच मानत नाहीत. ते एवढंच म्हणाले की अमेरिकेतून बर्फाचं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं ते 1833 मध्ये, त्यामुळे खऱ्या मस्तानीने मस्तानी चाखली असण्याची शक्यता नाही. पण त्या दिवसांत मी आमच्या मेन्यू कार्डाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. पुण्याच्या ग्लासाला बुंदेलखंडातल्या बाईचं नाव. मदुराईच्या ग्लासाला उर्दू नाव. कोझिकोडचा शेक आखाती शहराच्या नावाचा. फालुदा तर इराणातून आलेला, आणि शिकंजीचं मूळही फारसीतच. ज्या शब्दासाठी रात्री आमचे डोळे भरून यायचे, तो एकही शब्द मूळचा आमच्या गावचा नव्हता. हे मी मदुराईवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चव आमची आहे ना? मग झालं."

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. मला हा लेख त्यासाठीच लिहायचा होता, आणि इतका वेळ मी शेकबद्दल लिहीत बसलो यावरून ते किती अवघड आहे हे कळेल.

नववीत मला ज्युनियर डॉर्मचं इनचार्ज केलं. नवीन सहावीची पहिली रात्र, एकेक मुलगा उभा, आणि या वेळी प्रश्न विचारणारा मी होतो. उडुपीचा एक बारीक मुलगा होता, चष्म्याची दोरी मानेला बांधलेला. मी विचारलं, "तुमच्याकडचं प्रसिद्ध काय?" त्याने कृष्णाचं देऊळ सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "गडबड."

सगळ्यात आधी मी हसलो. हे मला नीट आठवतं. बाकीचे माझ्याकडे बघून हसले.

त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. उंच ग्लास असतो, त्यात वेगवेगळी आईस्क्रीम एकावर एक, मध्ये जेली, फळं, सुकामेवा, लांब चमचा. पण हसण्यात ते कोणी ऐकलं नाही. त्या रात्रीपासून तो गडबड. मी थांबवू शकलो असतो. मी तर या बाबतीत शाळेतला सगळ्यात अनुभवी माणूस होतो. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. आता नाव दुसऱ्याला होतं.

मस्तानी या नावाने फक्त चिडवता येतं. गडबड हे नाव त्याहून वाईट, कारण हिंदीत त्याचा अर्थ दोष. कोणाचा बूट हरवला, गडबड. मेसमध्ये ग्लास फुटला, गडबड. तो तिथे नसला तरी गडबड. फेब्रुवारीत एका रात्री बाथरूमचा नळ उघडा राहिला आणि सकाळी वरची टाकी रिकामी. पीटीनंतर पन्नास मुलं घामाने भिजलेली आणि पाणी नाही. हाउस मास्टरांनी मला विचारलं, कोण? रांगेतून मागून आवाज आला, "गडबड!" सगळे हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच पाहिलेलं नव्हतं. त्याला त्या रात्री बाथरूमकडे जातानासुद्धा पाहिलं नव्हतं. पण मी त्याचं नाव लिहून दिलं. इतक्या मुलांनी एकदम सांगितलं म्हणजे असेल, असं मी स्वतःला म्हणालो.

तो एकदाच म्हणाला, "सर, मैं नहीं था।" मग पाच दिवस त्याने एक्स्ट्रा ड्रिल केलं. चष्म्याची दोरी बांधून.

मार्चमध्ये पेरेंट्स डे झाला. उडुपीहून इथे यायला दोन रात्री रेल्वेत जातात, तरी त्याची आई आली होती. साडी, स्वेटर, हातात केळ्याच्या वेफर्सची मोठी पिशवी. लॉनवर चहा चालू होता आणि मी त्यांना प्लेट द्यायला पुढे झालो होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "गडबड! तेरी मम्मी आ गई!"

तिने वळून पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही, पण काय विचारलं असेल ते कळायला भाषा लागत नव्हती. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. त्याने दोन वाक्यांत उत्तर दिलं. आणि त्या बाईंचा चेहरा एकदम फुलला. त्या माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "इधर भी मालूम है, हमारा गडबड?"

त्याने आईला सांगितलं होतं की मी इथल्या मुलांना आपल्या गडबडबद्दल सांगितलं, त्यांना ते इतकं आवडलं की मला तेच म्हणतात.

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्या मग मला सांगायला लागल्या. त्यांच्याकडे अशी गोष्ट सांगतात की एकदा हॉटेलात गिऱ्हाइकांची गर्दी झाली, सगळ्यांना घाई, एका प्रकारचं आईस्क्रीम पुरेना, मग मालकाने जे होतं ते सगळं एका ग्लासात भरून दिलं. घाईत केलं म्हणून गडबड. "गडबड माने जल्दी," त्या म्हणाल्या. "हमारे में।"

मी प्लेट हातात धरून तसाच उभा राहिलो. आमच्यातही तेच आहे. मराठीतही गडबड म्हणजे घाईच. सकाळी एसटीच्या वेळी आई म्हणते, "मला गडबड आहे, डबा तूच भर." आजी म्हणते, "गडबड करू नको, सावकाश जेव." हा शब्द मी त्या मुलाइतकाच घरातून घेऊन आलो होतो. पहिल्या रात्री तो उभा राहून "गडबड" म्हणाला तेव्हा त्या अख्ख्या डॉर्ममध्ये त्याचं म्हणणं कळू शकेल असा बहुधा मी एकटा होतो. आणि मीच त्याचा हिंदी अर्थ घेऊन हसलो होतो.

"तुमने खाया है कभी?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "छुट्टी में घर आना," त्या म्हणाल्या, आणि वेफर्सची अर्धी पिशवी माझ्या हातात रिकामी केली.

त्या रात्री लाईट्स आउटनंतर मी त्याच्या पलंगापाशी गेलो. तो जागाच होता. मी त्याला सांगितलं की सहावीत माझं नाव मस्तानी होतं. त्याला माहीत नव्हतं. मस्तानी म्हणजे काय तेही सांगितलं, आंब्याची, पिस्त्याची, वरचा गोळा, सगळं. चार वर्षांत पहिल्यांदा मी ते वर्णन शेवटपर्यंत केलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तळाला जेली नसते?" मी म्हणालो, नसते. त्याला ते कमी वाटलं असावं.

मग तो म्हणाला, "भैया, गडबड म्हटलेलं चालतं मला. पण नळ मी नव्हता उघडा ठेवला."

सकाळी मी हाउस मास्टरांकडे गेलो. न पाहता नाव लिहून दिलं, असं सांगितलं. ते बराच वेळ रजिस्टर बघत राहिले. "उशीर केलास," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, लिहून दे. मी लिहून दिलं. मला पाच दिवस एक्स्ट्रा ड्रिल मिळालं, आणि फॉल-इनला सगळ्यांसमोर सांगावं लागलं की टाकीचा दोष त्या मुलाचा नव्हता. ड्रिल सोपं होतं. ते सांगताना माझा आवाज फाटला आणि मागून कोणीतरी जुन्या सवयीने म्हणालं, "शाब्बास, मस्तानी." या वेळी कान गरम झाले नाहीत. नळ कोणी उघडा ठेवला होता ते अजून कळलेलं नाही.

ज्युनियर डॉर्मचं मेन्यू कार्ड आता गडबड चालवतो. नाव तेच राहिलं आहे, मी एकदा बंद करायला गेलो तर त्यानेच नको म्हटलं. मदुराईवाल्याचा विक्रम तो मोडेल असं दिसतं. त्याच्या ग्लासात थर इतके असतात की सगळे सांगून होईपर्यंत निम्मी मुलं झोपतात आणि निम्मी "बस कर" म्हणून ओरडतात.

या मे महिन्यात पप्पा सुट्टीवर होते. ते आता नायब सुभेदार आहेत. स्टेशनवरून आम्ही नेहमीसारखे सदाशिव पेठेत गेलो. वेटर आला. पप्पा म्हणाले, "दोन व्हॅनि..."

"मस्तानी," मी म्हणालो. "मँगो."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग वेटरला दोन बोटं दाखवली. ग्लास येईपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. टॉवेलचं सांगितलं नाही, बाकी सगळं. सहावीतलं नाव, व्हॅनिला का, उडुपीचा मुलगा, टाकी, त्याची आई. टाकीचं ऐकताना त्यांचा चेहरा कडक झाला आणि मला वाटलं, आता इथेच सावधान व्हावं लागणार. पण मी ड्रिलचं सांगितल्यावर ते "हं" म्हणाले. मग थोड्या वेळाने टेबलाकडे बघत म्हणाले, "मला कांदा म्हणायचे."

"कोण?"

"सेक्शनमधले. ट्रेनिंगला गेलो तेव्हा ट्रंकेत आजीनं कांदे बांधून दिले होते. अख्खी ट्रंक वास मारत होती. पहिली तीन वर्षं कांदा."

"मग?"

"मग काय. मग दुसरा आला, सोलापूरचा. चादरी घेऊन."

मला इतकं हसू आलं की स्ट्रॉमधून हवा गेली. पप्पाही हसले. आजवर मी त्यांना दुकानात बसून हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्यांची मस्तानी एका मिनिटात संपवली. मी सावकाश पीत होतो, आधी गोळा बाजूने खाऊन, मग स्ट्रॉ. माझा ग्लास अर्धा झाला तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "एसटीची गडबड नाही, दुसरी आहे पाच वाजता," आणि स्वतःचा चमचा माझ्या ग्लासात घातला.